हरकत नसल्याचे गृहीत धरून

पडद्यावर एकाखाली एक तीन मेल पडले आणि खोलीतली मुलं हसली.

त्याआधी पडदा रिकामा होता. इनबॉक्समध्ये काही उरलं नाही की ते सॉफ्टवेअर एक चित्र दाखवतं. हिरवी टेकडी, तिच्यावर पाठमोरा बसलेला माणूस, खाली ‘सगळं आटोपलं’. कळंबोलीच्या त्या ऑफिसात हे चित्र रुचिराशिवाय कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. बाकीच्यांच्या इनबॉक्सात हजारो मेल साचलेले, बाहेर हायवेवर उभ्या असलेल्या ट्रेलरांसारखे, आणि म्हणूनच दसऱ्याची जोडून आलेली सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी साहेबांनी नव्या मुलांना तिच्यासमोर आणून बसवलं होतं. कंटेनर बंदरात अडकत नाहीत, तुमच्या मेलमध्ये अडकतात, असं काहीतरी बोलून ते निघून गेले होते. रुचिरा सांगत होती. एका मेलला एकदाच हात लावायचा. उघडला की तिथल्या तिथे निकाल लावायचा; उत्तर द्या, दुसऱ्याकडे द्या, फोल्डरमध्ये टाका नाहीतर उडवा. उघडून, वाचून, बघू नंतर म्हणून तसाच ठेवलेला मेल सगळ्यात वाईट, तो दिवसभर डोक्यात बसून राहतो. आणि जे मेल रोज येतात, पण आज वाचले नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही, ते आपल्या डोळ्यांपर्यंत येऊच द्यायचे नाहीत. त्यांच्यासाठी रूल बनवायचा. पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं, फोल्डर सांगायचा, हवं तर ठरलेलं एक उत्तरही सांगून ठेवायचं. पुढचं मशीन बघतं, आपलं डोकं आपल्याला राहतं. तिनं रूल्सचं पान उघडून दाखवलं. पान कोरं होतं. तिनं बंद करून पुन्हा उघडलं. कोरंच. ती इनबॉक्सवर परत आली, तर टेकडी गेलेली, आणि

विषय : स्मरणपत्र.

विषय : पोच प्राप्त न झालेबाबत.

विषय : हरकत नसल्याचे गृहीत धरून कार्यवाही करणेबाबत.

“मॅडम, कस्टमवाल्यांनी मराठी फारच मनावर घेतलंय,” प्राची म्हणाली. नव्या मुलांतली ती सगळ्यात चुरचुरीत. सगळे हसले, रुचिराही हसली, आणि हसता हसताच म्हणाली की कस्टम नाही, माझे वडील आहेत. मग ते हसू कुणाला पुढे नेता येईना आणि मागेही घेता येईना. दीपेश दाराला टेकून उभा होता. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर तो बघायचा. त्यानं तिथूनच सांगितलं की सुट्टीत मेल नव्या सर्व्हरवर नेले, जुने रूल्स इकडे येत नाहीत, ते ज्याचे त्यानं परत बनवायचे. सुट्टीत आलेले मेल अडकून होते, ते आता सुटायला लागलेत. “मी तुम्हाला दोनदा मेल टाकला होता, मॅडम,” तो म्हणाला. दीपेशच्या मेलसाठीही तिचा एक रूल होता.

तिनं तिसरा मेल उघडला, पडदा चालू आहे हे विसरून. महोदया, उपरोक्त विषयी आपणास कळविण्यात येते की, वारंवार पत्रव्यवहार करूनही आपला अभिप्राय प्राप्त झालेला नाही. तसेच चालू सुट्टीत आपली पोचही मिळालेली नाही. सबब आपली हरकत नसल्याचे गृहीत धरून सदर प्रकरणी सोमवारी सकाळी कार्यवाही करण्यात येत आहे. कळावे, कमळाकर टिपणीस. मुलांनीही तो वाचला असणार, कारण खोलीत कुणी हललं नाही. रुचिरानं प्रोजेक्टरची वायर उपटली. जितकी सावकाश उपटायला हवी होती तितकी नाही. प्रकरण कुठलं, हे आपल्याला माहीत नाही, असं ती मनात म्हणत होती. दुधाचं असेल. गुडघ्याचं असेल, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं. म्हणता म्हणता तिनं पर्स उचलली, प्राचीला म्हणाली की सगळ्यांनी आपापले रूल बनवून ठेवा, मी आल्यावर बघते, आणि जिना उतरली. लिफ्ट वर यायची तिनं वाट पाहिली नाही. माहीत नसलेल्या प्रकरणासाठी माणूस असं जिने उतरत नाही.

सोमवारी सकाळी. म्हणजे आज. आता सकाळ म्हणजे किती उरलीय.

रिक्षा कळंबोली सर्कलला थांबली आणि थांबूनच राहिली. चारी बाजूंनी ट्रेलर, त्यांच्या पाठीवर निळे तांबडे कंटेनर. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यांवरून उसळून रिक्षात शिरत होतं. तिनं फोनवर बाबांचा नंबर काढला, अंगठा वर धरला, आणि लावला नाही. फोनवर बाबा कामाचं बोलत नसत. फोनवरचं बोलणं रेकॉर्डवर येत नाही, म्हणत. फोनवर फक्त हवा, गुडघा, जेवलीस का. ते जन्मभर एका सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेला होते. आलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून आत जायचं, गेलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून बाहेर. खेड्यापाड्यातून कुणी अर्ज घेऊन आला, की बाबा त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारत, खाली लहानशी सही करत आणि प्रत त्याच्या हातात देत. काम होवो न होवो, पोच द्यावी, ते जेवताना सांगत, माणूस घरी जाऊन झोपतो. घरातही त्यांची तीच भाषा, निम्मी थट्टेनं, निम्मी सवयीनं. आई कामात असली, भाजी काय आणू याला तिनं उत्तर दिलं नाही, की बाबा दुधी घेऊन यायचे आणि ओट्यावर ठेवून म्हणायचे, आपली हरकत नसल्याचे गृहीत धरून दुधी आणण्यात आलेला आहे. माझी दुधीला जन्माची हरकत आहे, आई म्हणायची, ती तुमच्या दप्तरी कधी लागणार. मग तोच दुधी करायची, चण्याची डाळ घालून, आणि स्वतः त्यातली फक्त डाळ वेचून खायची.

मसुदा : बाबा, आत्ताच तुमचा मेल मिळाला. मी निघाले आहे. मी येईपर्यंत काही

पुसलं. दीपेशचं काय सांगावं, हा मेलही कुठल्या तरी नव्या सर्व्हरच्या दारात ताटकळत बसायचा. फोन करायला हवा. फोन केला तर काय म्हणायचं. कपाट उघडू नका. पण मग कपाटाचं तिला ठाऊक होतं, हे आलंच.

कपाट. शब्द आला तेव्हा रिक्षा हलली होती.

आई गेली मार्गशीर्षात. तेव्हापासून आतल्या खोलीतलं तिचं लोखंडी कपाट बंद होतं. नवीन पनवेलमध्ये राहणारी मुलगी जुन्या पनवेलातल्या बापाकडे अधूनमधून रविवारी येते, बाहेरच्या खोलीत बसते, पंख्याची घरघर वाढलीय म्हणते, चहा पिते, डबे भरून देते, जाते. आतल्या खोलीत ती एकदाही गेली नव्हती. बाबांनीही कधी चल म्हटलं नाही. ते दोघं समोरासमोर बसून तलावातल्या जलपर्णीबद्दल बोलत. मग फाल्गुनात एके दिवशी मेल आला. तो तिनं वाचला होता. हे तिनं आज, रिक्षात, गरम रेक्झिनवर बसून कबूल केलं, आणि कबूल करायला समोर कुणीच नव्हतं. विषय : कपाट उघडणेबाबत. महोदया, कै. सौ. रमा यांचे कपाट त्या गेल्यापासून बंद आहे. वर्षश्राद्धापूर्वी ते उघडून आतील वस्तूंची व्यवस्था लावणे आवश्यक आहे. सदर काम एकट्याने करणे मला जमेल असे वाटत नाही. तरी आपण कधी येऊ शकाल ते कळवावे. ती ‘जमेल असे वाटत नाही’पाशी थांबली होती. मग तिनं काय केलं? उत्तर दिलं नाही, दुसऱ्याकडे दिला नाही, उडवला नाही. तिनं रूल बनवला. त्याच दुपारी. ऑडिट चालू होतं हे खरं आहे, पण ऑडिट नेहमीच चालू असतं. कमळाकर टिपणीस यांच्याकडून येणारा प्रत्येक मेल ‘बाबा’ या फोल्डरमध्ये, वाचलेला समजून. आणि पाठवणाऱ्याला उलट टपाली – मेल मिळाला. कामात आहे. सविस्तर नंतर लिहिते. काळजी घ्या. रुचिरा. मजकूर तिनं मन लावून लिहिला होता. ‘काळजी घ्या’ आधी नव्हतं, मागून घातलं.

नंतर ती विसरली, असं म्हणता येईल. मशीन विसरायलाच असतं. उन्हाळ्यात कधीतरी अपूर्व, तिचा नवरा, बाबांकडून आला आणि जेवताना म्हणाला की बाबा तुझं फार कौतुक करतात, सकाळी तलावावर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना सांगतात, मुलीची पोच मिनिटाच्या आत येते, एवढ्या मोठ्या जागेवर आहे तरी. रुचिरानं त्याला आमटी वाढली होती. त्याच्या वाटीत आमटी होती तरी वाढली होती.

उड्डाणपुलावर रिक्षाला वारा लागला. तिनं फोनवर ‘बाबा’ फोल्डर उघडला. मेलांची यादी वर गेली, वर जात राहिली. रोजचा एक, सकाळचा, तलावावरून आल्यानंतरचा. विषय सगळ्यांचा एक : कपाट उघडणेबाबत, कपाट उघडणेबाबत, कपाट उघडणेबाबत. तिनं मधलाच एक उघडला, आषाढातला. आत मजकूर नव्हता, नुसते तीन ठिपके. आदल्या मेलमधलंच पुन्हा आलं असेल तर सॉफ्टवेअर ते दाखवत नाही, ठिपक्यांखाली झाकून टाकतं, वाचणाऱ्याचा वेळ जाऊ नये म्हणून. श्रावणातला उघडला. तीन ठिपके. भाद्रपदातला. तिनं ठिपक्यांवर बोट ठेवलं की मजकूर उलगडे : महोदया, कै. सौ. रमा यांचे कपाट. दरवेळी तोच. स्वल्पविरामासकट तोच. बाबा विसरायला लागलेत. काल लिहिलं ते आज त्यांना आठवत नाही. रोज सकाळी त्यांना पहिल्यांदाच कपाट दिसतं आणि पहिल्यांदाच ते मुलीला लिहितात. आणि तिचं मशीन रोज त्यांना पहिल्यांदाच उत्तर देतं. हे किती महिने चाललंय, हे कुणी पाहिलंच नाही. तिनं पाहायचं होतं. डोकं आपल्याला राहतं म्हणून मुलांना सांगणाऱ्या बाईनं पाहायचं होतं. तिच्या मनात न्यूरॉलॉजिस्ट आला, अपॉइंटमेंट आली, आणि लगेच, हात सवयीनं वळावा तसं, एक नवीन फोल्डरही आला : बाबा – रिपोर्ट्स.

तसाच एक आईचा होता. आई – रिपोर्ट्स. आत रक्त, स्कॅन, बिलं, विमा, औषधं, प्रत्येकाला रंग वेगळा. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणायचे, असे नातेवाईक असतील तर आमचं निम्मं काम होईल. कुठलाही कागद मागा, तो त्यांच्या मोबाइलवर गेलेला असे. एका दुपारी असाच एक जुना स्कॅन त्यांना हवा होता, ती कॉटजवळच्या स्टुलावर बसून तो शोधत होती आणि आई काहीतरी म्हणाली. एक मिनिट हं आई, रुचिरा म्हणाली. स्कॅन सापडला, गेला, समोरून ‘थँक्स’ आलं, तिनं मान वर केली तर आईचे डोळे मिटलेले. झोपली होती, इतकंच. संध्याकाळी विचारलं, दुपारी काय म्हणत होतीस गं? आई म्हणाली, कुठे काय, काही नाही. त्यानंतर आई पुष्कळ बोलली, बरेच दिवस बोलली. सून हवी होती तर मुलगी झाली आणि मुलगा हवा होता तर जावई, असं काहीतरी नर्सला सांगून तिला हसवलं. पण ते, त्या दुपारचं, ते कुठल्याच फोल्डरमध्ये नाही.

आईच्या कपाटाला तरी कुठे फोल्डर होते. साडीच्या घडीत विजेचं बिल, ब्लाऊजच्या चळतीत खोबऱ्याची वडी, वर्तमानपत्राखाली किल्ल्या. तिला काही हवं असलं की ती दार थोडंसंच उघडून हात आत घाले, तोंडानं आपलं दुसरंच काहीतरी बोलत राही, आणि हात नेमका तो जिन्नस घेऊन बाहेर येई. दर मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागली की रुचिरा ते कपाट लावून द्यायची. साड्या एकीकडे, कागद एकीकडे, चिकटपट्टीवर नावं. आई कौतुक करायची, शेजारणींना आणून दाखवायची. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत कपाट पुन्हा होतं तसं झालेलं असे. एकदाच म्हणाली होती, वैतागून नाही, जरा ओशाळूनच : तू लावलंस ना बाळा, की मला माझंच काही सापडत नाही.

मसुदा : बाबा, कपाट मी लावणार नाही. नुसतं उघडू. तुम्ही आणि मी. आतलं काही हलवायचं नाही, फक्त

रिक्षावाला विचारत होता, तलावाच्या पुढे घेऊ की इथेच. तिनं इथेच म्हटलं आणि उतरल्यावर लक्षात आलं की अजून बरंच चालायचंय. चालता चालता तिला आठवलं, पायांना आठवावं तसं. बाबा आईला शिकवत होते, की तिला, की असेच भिंतीला : स्मरणपत्रात मजकूर बदलायचा नसतो. मूळ पत्र जसंच्या तसं जोडायचं. एक शब्द बदललास की ते नवं पत्र झालं, मग जुन्याचं उत्तर न द्यायला समोरचा मोकळा. ती रस्त्यातच थांबली. मागून एक स्कूटर हॉर्न देत बाजूनं गेली. म्हणजे बाबा विसरत नव्हते. बाबांना सगळं, रोज, स्वल्पविरामासकट आठवत होतं. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटण्याच्या मागोमाग जे आलं ते न्यूरॉलॉजिस्टपेक्षा वाईट होतं. म्हणजे रोज सकाळी एक शहाणा, भानावरचा माणूस खुर्चीत बसून तिला लिहीत होता की हे एकट्यानं मला जमेल असं वाटत नाही. आणि मग दसऱ्याच्या सुट्टीत त्यानं ठरवलं, की जमवावं.

दार बाबांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट होता अंगावर, कुठे बाहेर जायचं असावं तसा. “अरे, आज सोमवार,” ते म्हणाले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून बाजूला झाले. बाहेरच्या खोलीत तिची नेहमीची खुर्ची होती. ती खुर्चीला वळसा घालून आत गेली. आतल्या खोलीत कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी होती. एवढी उघडी तिनं ती कधीच पाहिली नव्हती, मे महिन्यातसुद्धा नाही. सगळे खण रिकामे. कृष्णाबाई ओल्या फडक्यानं खालचा खण पुसत होती. ती पनवेलजवळच्या कोन गावची, या घरात धुणंभांडी करायला येऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती. आईच्या शेवटच्या महिन्यांत रात्रीची थांबायची. तिनं रुचिराकडे पाहिलं, फडकं बादलीत पिळलं, आणि पुन्हा पुसायला लागली.

“सगळं?” रुचिरानं विचारलं.

बाबा दारात उभे होते. त्यांनी सांगितलं ते सरळ सांगितलं. कृष्णाबाईचा मुलगा सकाळी रिक्षा घेऊन आला होता. तिच्या सुना आहेत, वाडीतल्या बायका आहेत, दिवाळीच्या तोंडावर साड्या कुणाच्या तरी अंगाला लागतील, कपाटात राहून विरायच्या त्यापेक्षा. मग म्हणाले की पोच थांबली तेव्हा आधी त्यांना काळजी वाटली, पण दसऱ्याला तिचा फोन आला होता, आवाज छान होता. “मी तुला शेवटी विचारलं, बाकी काही? तू म्हणालीस, बाकी काही नाही. तेव्हा मी समजलो. तुला नको असेल हे. नको तर नको. माणसानं किती विचारायचं.”

कृष्णाबाई फडकं थांबवून ऐकत होती. म्हणाली, “रुचिराताय, तुमाला पायजेल ते मी परत आनते. पोरगा आता पोचला पन नसंल. फोन लावते मी त्याला.” रुचिरानं मान हलवून नको म्हटलं. तिला काय हवं ते सांगावं लागलं असतं, आणि काय होतं हेच तिला माहीत नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मला हरकत होती.”

ते तिच्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. एखाद्यानं मुदत टळल्यावर अर्ज आणून द्यावा आणि तो घ्यायचा की नाही हे आपल्या हातात नसावं, तसे. “मग तेवढंच लिहायचं होतंस,” ते हळू म्हणाले. “एक ओळ पुरली असती.” आणि हे जास्त झालं असं त्यांनाच वाटलं असावं, कारण लगेच म्हणाले, “तसं तू एक दिवस चुकवला नाहीस. ऑडिट काय, ऑफिस काय. मजकूर तोच असायचा, पण कामाच्या माणसाचा मजकूर तोच असतो. नंतर लिहिते म्हणायचीस. मला रोज सकाळी वाटायचं, आज ते नंतर असेल.”

वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. ते उत्तर मी देत नव्हते. पाच शब्द. ते बाहेर पडले असते तर आजवरच्या सगळ्या सकाळी मागे जाऊन, एकेक करून, रिकाम्या झाल्या असत्या. आणि बाबांजवळ आता बाकी तेवढंच होतं. की ते गिळणं ही पुन्हा तिचीच सोय? तिला कळेना. तिनं ओठ मिटले ते मिटलेच राहिले. पंखा घरघरत होता.

“आत काय काय होतं?” शेवटी तिनं विचारलं.

“मी पाहिलं नाही,” बाबा म्हणाले. “मला जमेल असं वाटत नव्हतं. लिहिलं होतं मी तसं.” मग गॅलरीकडे बोट दाखवलं. “मी तिथे उभा होतो. कृष्णाबाईला म्हटलं, काढ आणि बांध. मला दाखवू नकोस.”

म्हणजे आई गेल्यावर तिचं भरलेलं कपाट घरातल्या कुणीच उघडं पाहिलं नव्हतं. रुचिरा कॉटच्या कडेला बसली. कृष्णाबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होती, काहीतरी आपल्या अंगावर येणार हे कळल्यासारखी.

“कृष्णाबाई, तूच सांग. काय होतं?”

“आता काय होतं म्हंजे,” कृष्णाबाई म्हणाली. “बायमानसाच्या कपाटात काय असतं? लुगडी होती, झंपर होतं.”

“तसं नाही. सगळं सांग.”

कृष्णाबाईनं हात पदराला पुसले. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. कधी नव्हे ते तिला या घरात नीट बोलायला सांगत होते. वरच्या खणात चांगल्या साड्या होत्या, ती म्हणाली, येक हिरवी, रुंद काठाची, ती वयनी येकदाच नेसल्या होत्या, जाग्यावर घडी होती. त्याच्या खाली रोजच्या. झंपर वाडीत कुनाला व्हायाचे नाय, वयनी शेवटाला किती बारीक झाल्या होत्या. पिशव्यांत पिशव्या भरून ठेवलेल्या. साबनाच्या वड्या, वास गेलेल्या. एका डब्यात नुसती बटनं. मधल्या खणात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, त्या तिनं टाकून दिल्या, घरात पोरं हायत. “आन लोकरीचं येक होतं. अर्धंच विनलेलं. सुया तशाच टोचलेल्या.”

बाबा आत आले. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला. पाती सावकाश थांबेपर्यंत ते वर बघत उभे राहिले, मग रुचिराशेजारी कॉटवर टेकले.

“लोकरीचं काय?” रुचिरानं विचारलं. “लहान मुलाचं?”

“नाय. मोठ्या मानसाचं होतं. पुढचा भाग झाला होता आन येक बाही.”

“कुणासाठी?”

“ते कसं सांगू, ताय. त्याच्यावर काय नाव नव्हतं. लोकर चांगली हाय. सुनेला म्हटलं उसवून घे, पोराला टोपी व्हईल.” मग दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून घाईनं म्हणाली, “फोन लावू का?”

बाबांनी मान हलवली. नको. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद केलेल्या. ते आपल्या बाह्यांकडे पाहत होते की जमिनीकडे, हे रुचिराला दिसत नव्हतं. आई कधी विणायची, ते तिला आठवेना. आईला विणता येत होतं का, तेही आठवेना. दुपारी विणत असणार, घरात कुणी नसताना.

“अजून?” ती म्हणाली.

“झालं की. येवढंच.”

“पुन्हा सांग.”

कृष्णाबाईला जायचं होतं. आणखी दोन घरची भांडी राहिली होती. पण ती भिंतीला टेकून खाली बसली, पाय पुढे घेतले, डोळे बारीक करून रिकाम्या कपाटाकडे बघायला लागली, आणि पहिल्यापासून सांगू लागली. वरच्या खणात चांगल्या साड्या होत्या. येक निळी होती, रुंद काठाची, ती वयनी येकदाच नेसल्या होत्या. निळी की हिरवी, हे त्या दोघांतल्या कुणीही तिला विचारलं नाही.